एनीटाइम ये म्हणालो होतो

मी गाव सोडलं त्या दिवशी आक्का, माझी थोरली बहीण, आमच्या घरी होती. वडिलांनी आदल्या दिवशी जाऊन तिला आणली होती. आमचं गाव म्हसवडच्या पुढं, माणदेशात, आणि तिचं सासर ओढ्यापलीकडच्या वाडीला. मनात आणलं असतं तर ती चालत आली असती, चुलीवरची आमटी उकळायच्या आत पोहोचली असती. पण लग्न झालेली मुलगी अशी उठून माहेरी येत नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. वडील धुतलेला पटका बांधून जायचे, तिच्या सासूपाशी बसायचे, चहा व्हायचा, कुठल्या दिवशी नेणार आणि कुठल्या दिवशी आणून सोडणार हे ठरायचं, आणि मग आक्का बोचकं घेऊन बाहेर पडायची. नागपंचमीला आणि दिवाळीला हे चुकलं नाही.

एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. मी आयटीआय करून चिंचवडला कंपनीत लागायला निघालो होतो. वडील म्हणाले, "मी हाय तवर मी आणतुय हिला. माझ्या मागं मुराळी तू. कंपनीत गेलास म्हून सुटला न्हाईस." मी हो म्हणालो. त्या वयात माणूस एसटी दिसेपर्यंत सगळ्यालाच हो म्हणतो.

हे लिहितोय ते आमच्या चुलत घरातल्या पोरांसाठी, आक्काच्या नातवंडांसाठी, आणि माझ्यासारखे जे गावं सोडून इकडं पिंपरी-चिंचवडला आले आणि इथलेच झाले त्यांच्यासाठी. आक्काबद्दल आमच्या भावकीत एक गोष्ट पक्की बसलेली आहे, की तिला भावाचं बरं झालेलं बघवलं नाही, म्हणून ती कधी त्याच्या दारात आली नाही. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती पसरली माझ्या तोंडून. मी आता पंचाहत्तरीला टेकलोय, तेव्हा ती मीच पुसायला हवी.

इकडं आलो तेव्हा काळेवाडीत एका खोलीत गाववाले मिळून राहत होतो. ज्याची रात्रपाळी तो दिवसा झोपणार, ज्याची दिवसपाळी तो रात्री. कंपनीत मला बदली कामगार म्हणून घेतलं होतं, म्हणजे कुणी गैरहजर राहिलं तर त्याच्या जागी. गेटवरचा टाइमकीपर म्हणायचा, "रूमपे रहना, एनीटाइम बुलाएंगे." तो शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. अर्थ लगेच कळला. एनीटाइम म्हणजे खोली सोडायची नाही, सिनेमाला जायचं नाही, आंघोळीलासुद्धा शेजाऱ्याला सांगून जायचं. वेळ त्यांची, आणि थांबायचं मी.

तरी शब्द आवडला. तोंडात घेतला की आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं. पुढं मी कायम झालो, टूलरूममध्ये गेलो, सुपरवायझर झालो, आणि मीही लोकांना एनीटाइम म्हणू लागलो. मशीन एनीटाइम बंद पडेल, माल एनीटाइम लागेल, ओव्हरटाइमला एनीटाइम थांबावं लागेल. चाकणकडं कंपन्या गेल्यावर तर रस्त्याकडेला ट्रकांच्या रांगा लागायच्या. ड्रायव्हर चाकाशी बसून भात शिजवायचे. विचारलं की म्हणायचे, "लोडिंग? एनीटाइम होगा, साहब." तो भात खाऊन व्हायचा, भांडी घासून व्हायची, गाडी तिथंच. आता आमच्या गल्लीत चहाच्या दुकानावर तो शब्द आहे, जिमच्या काचेवर आहे. सोसायटीतले शेजारी लिफ्टमध्ये म्हणतात, "काका, काही लागलं तर एनीटाइम सांगा हं," आणि आपला मजला आला की उतरून जातात. बिचारे खरंच मनापासून म्हणतात. मी मात्र अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. कधी सांगायचं ते त्यात नसतं.

माझं लग्न झालं, काळेवाडीतच आमची वेगळी खोली झाली. मग वडील गेले. त्यांच्या मागोमाग आई गेली. मी एकुलता मुलगा. आईचं तेरावं झाल्यावर गावातल्या घराला कुलूप घातलं, किल्ली चुलत्याकडं दिली आणि निघालो. आक्का फाट्यापर्यंत आली. मी म्हणालो, "आक्का, आता चिंचवडला एनीटाइम ये. तुझंच घर आहे."

तिनं विचारलं, "म्हंजी कवा?"

"म्हंजी कवाबी."

"कवाबी म्हंजी कवा रं, बापू?"

मी हसलो. तीही हसली. एसटी आली आणि मी चढलो. मला वाटलं तिनं थट्टा केली. तिनं प्रश्न विचारला होता. त्या दिवशी गावातलं घर बंद झालं म्हणजे तिचं माहेर काळेवाडीच्या खोलीत येऊन राहिलं, हे तिला कळलं होतं. मला कळलं नाही.

पण नुसतं "कळलं नाही" म्हटलं तर तेही खोटं होईल. पहिल्या पंचमीला बायकोनं मला आठवण करून दिली होती. शालन, माझी बायको, पलीकडच्याच तालुक्यातली, तिला या गोष्टी माहीत होत्या. ती म्हणाली, "अहो, वन्सं अशा यायच्या न्हाईत. तुमी जावा न्यायला." मी म्हणालो, "हे काय गाव आहे का? येईल की एसटीत बसून. मी एनीटाइम ये म्हणून सांगितलंय." खरं असं होतं की न्यायला जायचं तर दोन दिवस रजा टाकावी लागली असती, आणून सोडायला पुन्हा रजा. साहेबापुढं उभं राहून काय सांगायचं, बहिणीला आणायला चाललोय? शिवाय एका खोलीत रात्रपाळीहून आलेला मी झोपणार, आणि ती कुठं बसणार? एनीटाइम म्हटलं की यातलं काहीच करावं लागत नव्हतं, आणि बोलावलं नाही असंही होत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला याहून सोयीचा शब्द कुठल्याच भाषेत मिळाला नसता.

वर्षं गेली. लग्नाकार्यात गावाकडं भेट व्हायची. दर वेळी निघताना मी तेच म्हणायचो, आणि ती दर वेळी "यीन की" म्हणायची. पंचमीला तिच्या वाडीतल्या बायका झाडाला झोके बांधायच्या, एकेकीचा भाऊ येऊन तिला घेऊन जायचा. आक्का तिथंच राहायची. हे मला तिच्या मुलानं, दत्तानं, फार पुढं सांगितलं. ती झोक्याकडंसुद्धा जायची नाही म्हणे, रानात जाऊन खुरपत बसायची. कुणी विचारलं तर सांगायची, "भावाला कंपनीची सुट्टी न्हाई." माझी बाजू तिनं इतकी वर्षं राखली.

पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला तेव्हा तिथं इमारती कमी आणि शेतं जास्त होती. वास्तुशांतीला सगळ्या भावकीला पत्रिका धाडल्या, आक्कालाही धाडली. शालन पुन्हा म्हणाली, निदान आता तरी जावा. मी गडबडीत होतो. चुलतभाऊ आले, त्यांच्या बायका आल्या, आक्का आली नाही. पंगतीत कुणीतरी विचारलं, "सख्खी बहीण दिसंना ती?" मी वाढता वाढता सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मी तिला एनीटाइम ये म्हणून हजारदा सांगितलंय. तिलाच यायचं नाही, त्याला मी काय करू?"

एवढंच बोललो. पंगत उठेपर्यंत त्याचं वेगळंच झालं होतं. हात धुता धुता मोठी चुलतवहिनी म्हणाली, "आवो, भावाचं सुख बघवाय पायजे की." आणि मी तिला अडवलं नाही. तोंडात विडा होता. पुढं ते वाक्य गावात पोहोचलं, वाडीत पोहोचलं, आणि आक्कापाशीही पोहोचलंच असणार. तिनं मला कधी विचारलं नाही.

मग शालन आजारी पडली. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चांगला होता, बोलताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. शेवटी एके दिवशी मला बाहेर नेऊन म्हणाला, "काका, घरच्यांना कळवा. एनीटाइम." आयुष्यात पहिल्यांदाच त्या शब्दात खरोखर काहीतरी येऊ घातलेलं होतं, आणि ते आलं.

त्या दिवशी आक्का आली. दत्ताला घेऊन, एसटीनं, पत्ता विचारत विचारत. लग्नाला आणि सणाला बोलावणं लागतं, न्यायला यावं लागतं; मयताला लागत नाही. एवढ्या वर्षांत भावाच्या दारात न बोलावता पाय ठेवायची परवानगी तिला त्या एका दिवशी होती, म्हणून ती त्या दिवशी आली. गेटवर त्या दिवशी कुणालाच अडवत नव्हते. चुलतवहिनी तिच्याकडं बघून दुसरीला म्हणाली, "मेल्यावर बरी वाट घावली." आक्कानं ऐकलं. ती शालनच्या पायाशी बसली, तिच्या पायांवरून हात फिरवत राहिली. मग उठली, एकदा घरभर नजर टाकली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. सुतकाचं घर, तेव्हा तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. भावाच्या घरचा पाण्याचा घोट न घेता ती आली आणि गेली.

तरीही मी जागा झालो नाही. जागा झालो तो नितीनमुळं, माझ्या मुलामुळं.

नितीन हिंजवडीला असतो, तिथल्या उंच टॉवरमध्ये. अंतर म्हणाल तर आमच्या घरापासून रिक्षाचं. तिथल्या ट्रॅफिकमुळं मात्र ते दुसऱ्या जिल्ह्याएवढं होतं. दर रविवारी फोन करतो, आणि ठेवताना म्हणतो, "बाबा, घर तुमचंच आहे, एनीटाइम या." सून स्नेहाही मागून ओरडते, "हो बाबा, एनीटाइम!" मुलं चांगली आहेत. मला त्यांची तक्रार करायची नाही.

एकदा मनात आलं, जाऊ या. फोन न करता निघालो. गेटवर गणवेशातला पोरगा म्हणाला, "किससे मिलना है, अंकल?" मी नंबर सांगितला. त्यानं मोबाइलवर काहीतरी दाबलं. "अप्रूवल नहीं आया. बैठिए." मी म्हणालो, "अरे, मैं उसका बाप हूँ." तो म्हणाला, "हाँ अंकल, सबका कोई ना कोई होता है. बैठिए ना." उर्मटपणे नाही, अगदी नीट म्हणाला, खुर्चीही पुसून दिली. मी बसलो. डिलिव्हरीची पोरं माझ्या पुढून आत जात होती, बाहेर येत होती. त्यांचं अप्रूवल लगेच यायचं, कारण ती कधी येणार हे आतल्या माणसाला ठाऊक असायचं.

बऱ्याच वेळानं स्नेहानं वर घेतलं. तिच्या कानात हेडफोन होता, मीटिंग चालू होती. तिनं हातानं खूण केली, दोनच मिनिटं. मी सोफ्यावर बसून समोरच्या बंद टीव्हीत स्वतःला बघत राहिलो. नितीन ऑफिसला गेलेला. मीटिंग संपेना. मी पाणी पिऊन, तिला हात करून, खाली उतरलो. रात्री नितीनचा फोन आला. "बाबा, येणार होता तर सांगायचं ना!" चूक नव्हतं त्याचं.

पण परतीच्या रिक्षात मला आक्का दिसत होती. माझा मुलगा माझ्याशी वाईट वागला नव्हता, मी आक्काशी जसं वागलो तसंच तो वागला होता, अगदी गोड बोलून. ये म्हणायचं, पण कुठल्या दिवशी ते सांगायचं नाही. म्हणजे येणाऱ्यानं आपला दिवस आपणच शोधायचा, आणि तो चुकला तर तोही त्याचाच. मुराळी पाठवायची रीत मी मागासलेली समजत होतो. त्या रीतीत एक माणूस तुमच्यासाठी आपलं काम टाकून, चालत, सगळ्या गावादेखत तुमच्या दाराशी येतो. हे एवढंच बाईला हवं असतं, आणि मलाही हवं होतं.

गेल्या पंचमीच्या आधी मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी धरली. वाडीत पोहोचलो तर दत्ता गोठ्यापाशी होता. "मामा! आवो फोन करायचा की. मी आणून सोडली असती आईला गाडीत घालून." मी म्हणालो, "तू नाही आणायची. मी न्यायला आलोय."

आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ऐंशीची झालीय, कमी ऐकू येतं. मी पुढ्यात बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आक्का, न्यायला आलोय."

"कुणाला?"

"तुला. उद्या सकाळच्या गाडीनं. पंचमी करून पौर्णिमेपर्यंत राहायचं. मग दत्ता येईल."

तिनं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या, पदर सारखा केला आणि आत वळून सुनेला हाक मारली. "जाऊ का गं? भाऊ आलाय न्यायला."

सून हसत बाहेर आली. "आत्या, मला काय इचारताय?" पण आक्का हसली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली, सासूपुढं उभी राहायची तशी. सुनेला काय वाटलं कोण जाणे, तिनंही डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "जावा, आत्या. पण लौकर या."

सकाळी निघालो. वाडी ती केवढी, पण गाडी चुकते की काय असं झालं. आक्का प्रत्येक दारापाशी थांबत होती. "जाते गं, भाऊ आलाय न्यायला." पुढचं दार. "भाऊ आलाय न्यायला." कुणी म्हातारी आतून म्हणाली, "बया, आता व्हय?" आक्का म्हणाली, "त्याला सुट्टी आता घावली." मी पिशवी घेऊन तिच्या मागं उभा होतो, मान खाली घालून. जे कुणी हे वाचेल त्यानं लक्षात ठेवावं की ती तशी वर्षानुवर्षं निघायला तयार होती. यायचं तिला होतं. न्यायला गेलो नाही तो मी.

ती राहिली. फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघं. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "हितं कोण येत न्हाई व्हय रं?"

"येतात की. पार्सलवाले."

ती हसली, मग हसायची थांबली. "आन् पोरगं?"

"हिंजवडीला असतो."

"लई लांब हाय?"

"न्हाई. जवळच."

एका रविवारी नितीन आणि स्नेहा येऊन गेले, पाया पडले, पेढे आणले. निघताना नितीन म्हणाला, "आत्या, आमच्याकडं पण या ना, एनीटाइम." आक्का म्हणाली, "न्यायला ये, यीन." पोरांना वाटलं म्हातारी गमतीदार आहे. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती हसत होती.

पौर्णिमा झाली आणि दत्ता आला. आक्का दाराशी चप्पल घालता घालता त्याला म्हणाली, "पाडव्याला येऊन मामाला घिऊन जायचं. भाऊबीज करून धाडीन."

दत्ता म्हणाला, "मामा येत्याल की एसटीनं. त्यास्नी काय वाट ठाव न्हाई व्हय?"

"वाट ठाव हाय. पर असा उठून यील कसा? न्यायला यावं लागतं." आणि माझ्याकडं वळून, "पाडवा. सकाळच्या पारी. तयार ऱ्हा."

ती गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. फरक इतकाच की भिंतीवरच्या कॅलेंडरात आता एक दिवस माझ्या नावाचा आहे, आणि त्या दिवशी माझ्यासाठी माणदेशातून एक माणूस आपलं काम टाकून निघणार आहे.

परवा नितीनचा फोन आला. म्हणाला, "बाबा, यंदा दिवाळीला आम्ही इथंच आहोत. तुम्ही एनीटाइम या."

मी म्हणालो, "पाडव्याला मी नाही रे. मला न्यायला येणार आहेत."

"न्यायला? कोण?"

"माझ्या माहेरचे," मी म्हणालो.